ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ आणि विद्येची किंमत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



ब्रिटनमधील विद्यापीठांचा विषय निघाला की आपल्याकडे प्रथम ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही नावे घेतली जातात. पुरोगामी वर्तुळ असेल तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा उल्लेख होतो. ती संस्था १८९५ मध्ये फेबियन समाजवाद्यांनी काढली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे अध्ययन केले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु मजूर पक्षाने सत्तेवर असताना, सरकारी तिजोरीतून आणि नोकरी करणाऱ्या प्रौढ माणसाला समोर ठेवून जे विद्यापीठ उभे केले, त्याचा अभ्यास कार्यकर्त्यांत फारसा झालेला नाही. १९६९ मध्ये सनद मिळालेले 'ओपन युनिव्हर्सिटी' अर्थात मुक्त विद्यापीठ हे ते विद्यापीठ होय. लंडनच्या वायव्येस मिल्टन कीन्स नावाच्या नव्या शहरात त्याचे मुख्यालय आहे. आजवर वीस लाखांहून अधिक माणसे या विद्यापीठात शिकली, आणि त्यांपैकी बहुतेकांना त्या मुख्यालयाची पायरी चढण्याची गरजही पडली नाही.

या विद्यापीठाविषयी दोन समज रूढ आहेत. ते दूरचित्रवाणीवरचे विद्यापीठ आहे, हा पहिला. आणि ते स्वस्त आहे, हा दुसरा. दोन्ही समजांत सत्याचा अंश आहे. मात्र दुसऱ्या समजाने त्या संस्थेचे जेवढे नुकसान केले तेवढे तिच्या उघड शत्रूंनाही करता आले नाही.

श्रमिकांच्या शिक्षणाची चळवळ ब्रिटनमध्ये त्याआधी कितीतरी वर्षे चालू होती. १८९९ मध्ये ऑक्सफर्डला रस्किन कॉलेज निघाले, १९०३ मध्ये वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन स्थापन झाली. आर. एच. टॉनी यांच्यासारखा अर्थेतिहासकार १९०८ पासून रॉचडेल आणि लाँग्टन या कारखानदारीच्या गावी जाऊन कामगारांचे वर्ग घेत असे. या वर्गांतून माणसे घडली, पक्षाला आणि कामगार संघटनांना पुढारी मिळाले. पण पदवी मिळत नव्हती. पदवीचा मार्ग अकराव्या वर्षीच्या परीक्षेतून जात होता, आणि त्या परीक्षेत जो मागे पडला त्याला पुढे तो मार्ग सहसा सापडत नसे. १९६० च्या दशकाच्या आरंभी विद्यापीठात जाण्याच्या वयाच्या शंभर मुलांपैकी जेमतेम चार-पाच मुले विद्यापीठात पोहोचत. उरलेल्या पंचाण्णवांत बुद्धी नव्हती असे म्हणणे समाजवाद्याला शक्य नव्हते, आणि कोणत्याही विचारी अर्थशास्त्रज्ञालाही शक्य नव्हते.

८ सप्टेंबर १९६३ रोजी ग्लासगो येथील भाषणात हॅरॉल्ड विल्सन यांनी 'आकाशवाटेने चालणाऱ्या विद्यापीठा'ची कल्पना मांडली. सोविएत युनियनमधील पत्रद्वारा शिक्षण त्यांनी पाहिले होते आणि अमेरिकेतील शैक्षणिक चित्रपटांचा प्रयोगही त्यांच्या परिचयाचा होता. समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांनी १९६२ मध्येच अशा विद्यापीठाविषयी लिहिले होते. विल्सन यांची घोषणा मात्र पक्षाच्या ठरावातून आलेली नव्हती. ती पुढाऱ्याची वैयक्तिक कल्पना होती आणि पक्षातही तिच्याविषयी विशेष उत्साह नव्हता. अशा कल्पनांचे पुढे काय होते हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. ही कल्पना भाषणातच राहिली नाही याचे श्रेय जेनी ली या एका बाईंना आहे.

जेनी ली यांचा जन्म १९०४ मध्ये स्कॉटलंडमधील फाइफच्या कोळसाखाणींच्या मुलखात झाला. वडील खाणकामगार आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे कार्यकर्ते. मुलगी एडिंबरो विद्यापीठात शिकली, आणि १९२९ च्या पोटनिवडणुकीत चोविसाव्या वर्षी पार्लमेंटवर निवडून आली. राष्ट्रीय आरोग्यसेवेचे शिल्पकार अनायरिन बेव्हन हे त्यांचे पती. १९६५ मध्ये विल्सन यांनी या विद्यापीठाचे काम त्यांच्याकडे सोपविले, तेव्हा त्या कनिष्ठ मंत्री होत्या. शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांना ही योजना नको होती, अर्थखात्याला तर मुळीच नको होती. प्रौढ शिक्षणातील अनेक सज्जनांचे म्हणणे असे की, पदवीचा हट्ट सोडावा. कामगारांना उपयोगी पडेल असे काही हलकेफुलके शिक्षण दूरचित्रवाणीवरून द्यावे. जेनी ली यांनी सल्लागार समितीचे अध्यक्षपद स्वतःकडेच ठेवले आणि या सूचनेला ठाम नकार दिला. त्यांचे म्हणणे असे होते की, पदवी द्यावयाची तर ती इतर कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीच्या तोलाची असली पाहिजे. गरिबांसाठी म्हणून निराळी आणि उणी पदवी त्यांना नको होती. फेब्रुवारी १९६६ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. खर्चाचा अंदाज विल्सन यांचे विश्वासू वकील लॉर्ड गुडमन यांनी काढला. तो फारच कमी होता, हे पुढे त्यांनीच कबूल केले. खरा आकडा आधी कळला असता तर योजना पुढे सरकलीच नसती. राज्यकारभारात असेही घडते, आणि ते नेहमीच वाईट असते असे नाही.

२३ एप्रिल १९६९ रोजी सनद मिळाली आणि जुलैमध्ये, माणूस चंद्रावर उतरल्याला दोन-तीन दिवस होत असताना, उद्घाटनाचा समारंभ झाला. पहिले कुलपती लॉर्ड क्राउथर यांनी त्या भाषणात सांगितले की, हे विद्यापीठ माणसे, स्थळे, पद्धती आणि विचार या चारही बाबतींत मुक्त राहील. पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी हे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. वर्षभरात सरकारच बदलले. जून १९७० मध्ये हुजूर पक्ष निवडून आला. त्या पक्षाचे अर्थमंत्री इयन मॅक्लाउड यांनी या कल्पनेची पूर्वी निखळ मूर्खपणा म्हणून संभावना केलेली होती. जुलैमध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले, आणि निर्णय नव्या शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर यांच्याकडे आला. त्यांनी विद्यापीठ राहू दिले. श्रमिकांविषयीच्या जिव्हाळ्यापोटी त्यांनी ते राखले असा आरोप त्यांच्यावर कोणी करणार नाही. कमी खर्चात पदवीधर मिळतात, हा हिशेब त्यांना पटला होता. या हिशेबाकडे पुढे यावे लागेल.

जानेवारी १९७१ मध्ये सुमारे चोवीस हजार विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी कोणतीही परीक्षा उत्तीर्ण असण्याची अट नव्हती. आजही बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना ती नाही. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे, गणित आणि विज्ञान असे चार पायाभूत अभ्यासक्रम त्या वर्षी होते. पहिल्याच महिन्यात देशभरच्या टपाल कामगारांनी संप पुकारला आणि तो सात आठवडे चालला. टपालावर चालणाऱ्या विद्यापीठाची पहिली कसोटी कामगारांच्या संपानेच पाहावी, हा योग विलक्षण होता. छापील पाठ दुसऱ्या मार्गांनी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवावे लागले.

येथे दूरचित्रवाणीचा समज तपासून पाहावा. बी.बी.सी.वरील कार्यक्रम पहाटे अथवा रात्री उशिरा लागत आणि लोकांच्या नजरेत तेच भरत. विद्यार्थ्याच्या अभ्यासात त्यांचा वाटा मात्र लहान होता; २००६ च्या अखेरीस ते कार्यक्रम बंद झाले तेव्हा विद्यापीठ काही बंद पडले नाही. खरे अध्यापन छापील पाठांतून होई, आणि ते पाठ ज्या रीतीने तयार होत ती रीत समाजवाद्यांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. एरवी विद्यापीठातील प्राध्यापक आपले व्याख्यान एकट्याने लिहितो, दार लावून घेतो आणि बोलतो. येथे एकेका अभ्यासक्रमासाठी विषयाचे अनेक प्राध्यापक, संपादक, बी.बी.सी.चा निर्माता आणि शिक्षणतंत्राचा जाणकार यांचा एक गट बसे. प्रत्येकाचा कच्चा मसुदा सर्वांपुढे ठेवला जाई आणि सर्व जण त्याची चिरफाड करीत. नामांकित प्राध्यापकांनाही हे आरंभी झोंबले. परंतु दिवसभर कामावर राबून आलेला माणूस रात्री स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून एकट्याने हे पान वाचणार आहे, शंका विचारावयास जवळ कोणी नाही, तेव्हा वाक्य त्याला समजलेच पाहिजे, ही शिस्त लेखकांना त्या गटाने लावली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रयोगाचे साहित्य घरपोच येई. त्यात एक छोटा प्लॅस्टिकचा सूक्ष्मदर्शकही असे.

पाठांच्या जोडीला ट्यूटर असे. तो स्थानिक, अर्धवेळ नेमलेला शिक्षक. विद्यार्थ्याने लिहून पाठविलेला स्वाध्याय तो तपासी. गुण देऊन न थांबता कोठे चुकले आणि का चुकले हे समासात लिहून परत पाठवी. त्याखेरीज अभ्यासकेंद्रावरील गाठीभेटी आणि इतर विद्यापीठांच्या वसतिगृहांत आठवडाभर चालणारे उन्हाळी निवासी वर्ग. कित्येक प्रौढ स्त्रियांना घरसंसार सोडून केवळ अभ्यासासाठी मिळालेला आयुष्यातील तो पहिला आठवडा होता. विली रसेल यांच्या १९८० मधील 'एज्युकेटिंग रिटा' या नाटकातील केशकर्तनालयात काम करणारी नायिका याच विद्यापीठाची विद्यार्थिनी आहे.

मग यांत कामगार किती होते? टीकाकारांनी हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारला, आणि तो रास्त होता. पहिल्या तुकडीत एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी पेशाने शाळाशिक्षक होते. हाताने काम करणारे फार थोडे. स्त्रियांचे प्रमाणही तीनांत एकापेक्षा कमी होते. यावरून हे मध्यमवर्गाचेच विद्यापीठ आहे असा निष्कर्ष डावीकडच्या काही मंडळींनी घाईने काढला. पण ते शिक्षक कोण होते? पदवी नसलेले, प्रशिक्षण महाविद्यालयातून बाहेर पडलेले. आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचे वडील कारखान्यात अथवा खाणीत राबलेले. वर्ग एका पिढीत ओलांडता येत नाही. अर्धा ओलांडून थबकलेली माणसे आधी दाराशी आली, हे स्वाभाविक होते. स्त्रियांचे प्रमाण पुढे निम्म्यावर गेले. तुरुंगातील कैद्यांनाही या विद्यापीठाने विद्यार्थी म्हणून घेतले.

या विद्यापीठाकडे माणसे कोणती ओढली गेली, हेही पाहण्यासारखे आहे. जमेकात जन्मलेले स्टुअर्ट हॉल हे बर्मिंगहॅमच्या समकालीन संस्कृती अभ्यासकेंद्राचे संचालक होते. जगभर नाव झालेले असताना १९७९ मध्ये ते समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून येथे आले आणि १९९७ मध्ये निवृत्त होईपर्यंत येथेच राहिले. विद्यापीठाची पार्श्वभूमी नसलेल्या सामान्य माणसांना आपले विचार समजतील अशा भाषेत मांडता येतात का, हे त्यांना पाहावयाचे होते. १९९७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी संस्कृतीच्या अभ्यासाचे एक पाठ्यपुस्तक केले ते सोनी कंपनीच्या वॉकमन या खिशातल्या यंत्राभोवती: ते कोणी घडविले, त्याची जाहिरात कशी झाली, रस्त्यात गाणी ऐकत चालणाऱ्याला ते काय देते. भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी १९८२ मध्ये आल्या. त्या मँचेस्टरजवळच्या विदेनशॉ या नगरपालिकेच्या वसाहतीत वाढलेल्या. उद्योग एका प्रदेशातून उठून दुसरीकडे का जातात आणि मागे राहिलेल्या गावाचे काय होते, याची भांडवली मीमांसा त्यांनी १९८४ च्या ग्रंथात केली. आपल्या गिरणगावाची दैना पाहिलेल्यांना तो विषय परका वाटणार नाही. भूगोलातील सर्वोच्च समजला जाणारा व्होत्रँ ल्यूद पुरस्कार त्यांना १९९८ मध्ये मिळाला; सरकारने देऊ केलेला किताब मात्र त्यांनी नाकारला.

पाठ छापलेले आणि सर्वांना उपलब्ध, याचा एक परिणाम कोणाच्या ध्यानात आला नव्हता. ऑक्सफर्डच्या बंद खोलीत प्राध्यापक काय बोलतो हे मंत्र्याला कळत नाही. मिल्टन कीन्सचा पाठ तो विकत घेऊन वाचू शकतो. १९८४ च्या सुमारास शिक्षणमंत्री सर कीथ जोसेफ यांना सामाजिक शास्त्रांच्या पायाभूत अभ्यासक्रमातील अर्थशास्त्राच्या भागात मार्क्सवादी कल दिसला आणि खात्याच्या अर्थतज्ज्ञांकडून त्याची छाननी झाली. बाजाराचे गुणगान करणाऱ्या पाठ्यपुस्तकांची अशी छाननी कोणत्या मंत्र्याने केल्याचे ऐकिवात नाही.

आता स्वस्ताईच्या हिशेबाकडे वळू. अर्थशास्त्राच्या भाषेत या संस्थेचा स्थिर खर्च मोठा आणि प्रत्येक वाढत्या विद्यार्थ्यामागील खर्च अल्प. एकदा पाठ तयार झाला की तो पाच हजारांनी वाचला काय आणि पन्नास हजारांनी वाचला काय, छपाई व टपालाचा तेवढा फरक. आरंभीच्या पाहण्यांत एका पदवीधरामागचा खर्च इतर विद्यापीठांच्या निम्म्याच्या आसपास निघाला. समर्थकांनी हा आकडा ढालीसारखा वापरला, आणि त्या काळात त्याने विद्यापीठ वाचविलेही. पण जी संस्था स्वस्त म्हणून टिकते तिच्याकडून उद्या आणखी स्वस्त होण्याची मागणी होते. त्या हिशेबात ट्यूटर बसत नाही. ट्यूटरचा खर्च विद्यार्थ्यांबरोबर वाढतच जातो. एका माणसाने दुसऱ्या माणसाचे लेखन वाचावयास लागणारा वेळ कोणत्याही यंत्राने कमी केलेला नव्हता. म्हणून काटकसर करावयाची झाली की कुऱ्हाड प्रथम तेथेच पडते.

हा धोका आपल्यालाही दूरचा नाही. मिल्टन कीन्सचा नमुना समोर ठेवून भारतात १९८२ मध्ये हैदराबादला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. नाशिकचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद प्रत्यक्षात आणण्यासाठी मोठे परिश्रम घेतले. औपचारिक शाळा सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम ठेवला. मात्र ब्रिटनमध्ये ज्याला सरकारने निदान चाळीस वर्षे अनुदान पुरविले, त्या शिक्षणाकडे आपल्या सरकारांनी महाविद्यालये काढण्याचा खर्च वाचविण्याची सोय म्हणूनच अधिक पाहिले. ट्यूटरने समासात लिहिलेली टिपणी किती विद्यार्थ्यांच्या हाती पडते, हे आपल्या तालुक्यातील अभ्यासकेंद्रावर जाऊन कार्यकर्त्यांनी विचारावे.

ब्रिटनमध्ये पहिला मोठा घाव घातला तो मजूर पक्षाच्याच सरकारने, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्याच्याकडे एक पदवी आहे त्याने तेवढ्याच किंवा खालच्या पातळीची दुसरी पदवी घ्यावयाची ठरविली तर त्यासाठी अनुदान मिळणार नाही, असे २००७ मध्ये जाहीर झाले. धंदा बुडाल्यामुळे चाळिशीत नवी विद्या शिकू पाहणाऱ्याला यामुळे दार बंद झाले. मग २०१० मध्ये हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट यांचे संयुक्त सरकार आले आणि २०१२ पासून इंग्लंडमधील बहुतेक विषयांच्या अध्यापनाचे अनुदान काढून घेऊन तो भार विद्यार्थ्यावर टाकण्यात आला. मुक्त विद्यापीठाला पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे शुल्क ५,००० पौंड करावे लागले. अर्धवेळ विद्यार्थ्यांना कर्ज मिळेल, असे सरकारने सांगितले. पण पदवी असलेल्यांना ते कर्ज नव्हते, थोडेच विषय घेणाऱ्यांना नव्हते; आणि ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता व मुलांचे शिक्षण आहे असा माणूस आणखी तीस वर्षांचे कर्ज कशाला काढील? २०१० ते २०१५ या काळात अर्धवेळ पदवी-विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याने घटली. मुक्त विद्यापीठातील संख्या अडीच लाखांच्या घरातून पावणेदोन लाखांच्या आसपास आली.

मागणी कमी झाली, लोकांना आता प्रौढ वयात शिकावयाचे नाही, असे स्पष्टीकरण तेव्हा पुष्कळांनी दिले. सुदैवाने याची परीक्षा करण्याची सोय तेथेच होती, आणि अर्थशास्त्रात अशी सोय क्वचित मिळते. एकच विद्यापीठ इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स या तिन्ही ठिकाणी शिकवते. पाठ तेच, परीक्षा तीच. शुल्काची व्यवस्था मात्र प्रत्येक ठिकाणच्या सरकारची निराळी. स्कॉटलंडने कमी उत्पन्नाच्या अर्धवेळ विद्यार्थ्यांचे शुल्क अनुदानातून देणे चालू ठेवले. तेथे इंग्लंडसारखी घसरण झाली नाही. वेल्सने २०१८ पासून अर्धवेळ विद्यार्थ्यांनाही निर्वाहासाठी साहाय्य देण्यास आरंभ केला, आणि तेथील मुक्त विद्यापीठात येणाऱ्यांची संख्या लगोलग वाढली. वेल्समधील लोकांना एका वर्षात विद्येची अकस्मात गोडी लागली, असे म्हणावयाचे असेल तर म्हणावे.

इंग्लंडमध्ये उत्पन्न घटल्यावर व्हावयाचे तेच झाले. नऊपैकी सात विभागीय केंद्रे बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. पुढे दहा कोटी पौंडांची काटछाट जाहीर झाली; तिच्यावरून २०१८ मध्ये अध्यापकांनी कुलगुरूंवर अविश्वास व्यक्त केला आणि एप्रिलमध्ये त्यांना पद सोडावे लागले. संगणकाच्या जाळ्यावरून जगभर शिकविण्यासाठी विद्यापीठाने काढलेली 'फ्यूचरलर्न' ही कंपनी तोट्यात गेली आणि २०२२ मध्ये एका खाजगी शिक्षणसमूहाला विकली गेली.

त्याच वर्षी, ऑगस्ट २०२२ मध्ये, आणखी एक गोष्ट घडली आणि तिची चर्चा फार कमी झाली. पन्नास वर्षे ज्यांच्या समासातील टिपण्यांवर हे विद्यापीठ चालले, त्या ट्यूटरांची नेमणूक तोपर्यंत एकेका अभ्यासक्रमापुरती होत असे. तो अभ्यासक्रम संपला की कामही संपे. अध्यापकांच्या संघटनेने वर्षानुवर्षे वाटाघाटी चालविल्या, आणि अखेर चार हजारांहून अधिक ट्यूटर कायम नोकरीत आले.